खाणीकडचे दात

९ ऑक्टोबर

आज आमच्या शुक्रीचा समुद्रकाठच्या मोनास्तीरहून फोन आला. मुलीच्या घरच्यांनी दिवस दिला आहे: २३ नोव्हेंबर, रविवार. आम्ही नवरा-बायकोने तिकडे जायचं, मुलगी रीतसर मागायची, आणि त्यांनी हो म्हटलं की सगळ्यांनी हात पसरून कुराणातली फातिहा म्हणायची, म्हणजे बोलणी पक्की. मुलीचं नाव युसर. टपाल कचेरीत आहे. शुक्री तिथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. बत्तीस वर्षांचा झाला. मबरूकाने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि जीभ हलवून अशी किलकारी दिली की शेजारच्या खमीसने भिंतीवरून डोकावून पाहिलं.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा शुक्री म्हणाला, "बाबा, एक सांगू? राग नका मानू. तिकडे गेल्यावर फार हसू नका."

"मी कधी हसतो?"

"आणि बोलायचं झालं तर जरा... फोटोत बसता ना, तसं. तोंड मिटून."

मुलगा विचारी आहे. मागचं तो विसरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्फॅक्सला एका घरी असेच गेलो होतो. भरपूर हसलो, बोललो. चौथ्या दिवशी निरोप आला की मुलगी अजून शिकते आहे. मुलगी एकतीस वर्षांची होती. पुढे मध्यस्थ बाईने खरं काय ते सांगितलं. मुलीच्या आईने आमचे दात पाहिले आणि म्हणाली, नातवंडं अशी निघाली तर?

आमच्याकडे सगळ्यांचेच दात असे. गफ्सा शहर सोडून खाणीच्या बाजूला या आणि वाटेत भेटेल त्याला हसवा, तपकिरीच निघतील. कोणी चहाला दोष देतं, कोणी पाण्याला, कोणी धुळीला. मी तेहतीस वर्षं फॉस्फेटच्या खाणीच्या प्रयोगशाळेत दगडाचे नमुने तपासले, तेव्हा नोंद नीट करतो. वरचे पुढचे सहा: पिकल्या खजुराचा रंग, मधून खडूसारखे पट्टे. खालचे: त्याहून गडद. एकूण अठ्ठावीस, हलणारा एकही नाही.

शुक्रीचेही हुबेहूब असेच होते. स्फॅक्सच्या प्रकरणानंतर त्या उन्हाळ्यात तो आठवडाभर परदेशी मित्राकडे गेला आणि आला तो पांढरेशुभ्र दात घेऊन. विचारलं तर म्हणाला, पेस्ट बदलली. म्हणजे हे होऊ शकतं. माझ्या हातात पंचेचाळीस दिवस आहेत.

१० ऑक्टोबर

चहा बंद. मबरूका म्हणाली, "अरे माणसा, चहा सोडलास तर सकाळी उठशील तरी कशाला?"

चहाऐवजी नळाचं पाणी पितो, दिवसाला दहा पेले. हे पाणी खोल विहिरीचं, आजोबांच्या वेळेपासून सगळं गाव तेच पितं. दात धुऊन निघायला याहून चांगलं काय असणार.

१३ ऑक्टोबर

लिंबू आणि मीठ. खमीसच्या बायकोने सांगितलं. तांब्याची परात याने लख्ख होते म्हणे. दोन मिनिटं घासलं, दात खरोखर गुळगुळीत लागले. संध्याकाळी भाकरी हरीश्याच्या लाल तिखट चटणीत बुडवून तोंडात घातली तेव्हा कानापर्यंत कळ गेली. लिंबू लागू पडतंय असं दिसतं.

१६ ऑक्टोबर

खमीसकडे गेलो होतो. त्याने निखाऱ्यावर चहा उकळत ठेवला होता, अगदी काळा, पेल्यात चमचा उभा राहील असा. मी नको म्हटलं. पन्नास वर्षांत मी त्याला चहाला नको म्हटलेलं नाही. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" त्याने हळूच विचारलं.

"डॉक्टर कशाला? माझं मीच ठरवलंय. अजून अडतीस दिवस काढायचेत."

त्याचे डोळे भरून आले. दुपारी त्याने कोंबडीचं कालवण पाठवलं. संध्याकाळी गल्लीतले आणखी दोघं येऊन माझा हात हातात घेऊन बसले. लोक प्रेमळ आहेत, पण मागणी घालायची एवढी काळजी त्यांना कशाला, कळत नाही.

१९ ऑक्टोबर

राखुंडी. शेगडीतला थंड कोळसा कुटून चाळून घेतला. चाळणी मबरूकाची, त्यावरून बोलणी खाल्ली. घासताना तोंड खाणीसारखं दिसतं. चूळ भरल्यावर क्षणभर दात पांढरे वाटतात, पण ते ओठ काळे झाल्यामुळे.

मबरूका स्वतः काहीच करायला तयार नाही. ती लहानपणापासून अक्रोडाची साल चावते, हिरड्या लाल ठेवते आणि खूश असते. "त्या स्फॅक्सवालीचे दात पांढरे होते, कबूल," ती म्हणाली. "पण तिचा चहा आठव. मी त्यात पाय नसते धुतले."

२२ ऑक्टोबर

काल थंड पाणी प्यायलो आणि उभ्या उभ्या खाली बसलो. आज गफ्साला दाताच्या डॉक्टरकडे. डॉक्टर सौसन, तिशीची असेल. तिने हसून या म्हटलं तर तिचेही दात आमच्यातलेच, जरा फिके एवढंच. मला वाटलं उठून जावं. न्हाव्याचेच केस वाढलेले असले तर आपण खुर्चीत बसू का?

तिने तपासून, नावाआधी आदराचं 'सी' लावून विचारलं, "सी तिजानी, दात घासता कशाने?"

मी क्रमाने सांगितलं. कोळशापर्यंत आलो तेव्हा तिने हातातला आरसा खाली ठेवला.

"साठीला आलात आणि कीड एकही नाही. असं तोंड मला महिन्यातून एकदाही दिसत नाही. आणि तुम्ही त्यावर लिंबू चोळताय? लिंबाने वरचं कवच विरघळतं, कोळशाने खरवडलं जातं. गेलेलं कवच परत येत नाही."

"पण डाग?"

"डाग तुमचे लहानपणचे. दात हिरडीच्या आत तयार होत होते तेव्हाचे. आपल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते आत मुरलंय. मुरलेलं घासून जात नाही."

"म्हणजे चहा नाही?"

"चहाचा वरवरचा थर असतो, तो मी साफ करून देईन. चहा खुशाल प्या, नंतर चूळ भरा."

"आणि पाणी?"

"ते लहान मुलांना जपायचं. या वयात तुम्ही कितीही प्या, दातांचा रंग बदलणार नाही."

बारा दिवस चहा सोडून मी एकशे वीस पेले पाणी प्यायलो. नोंद करून ठेवतो.

तिने पुढचं सांगितलं. आज सफाई. नरम ब्रश, दिवसातून दोनदा, हलक्या हाताने. दहा दिवस दातांना विश्रांती. मग पुढच्या दातांचा अगदी वरचा, केसाहून पातळ पापुद्रा तिने स्वतः काढायचा. त्यानंतर दातांच्या मापाचा साचा, त्यात सौम्य जेल, दिवसाला एक तास. "दुधासारखे पांढरे होणार नाहीत," ती म्हणाली. "तपकिरीचे पिवळसर होतील, पट्टे फिके होतील. कोणी दुधासारखे करून देतो म्हणाला तर तिथून निघा." मी मनात म्हटलं, हिला शुक्रीची पेस्ट माहीत नाही.

घरी येऊन चहाचे तीन पेले घेतले आणि चूळ भरली. खमीसने ही बातमी गल्लीभर पसरवली. लोकांनी मला मिठ्या मारल्या.

१ नोव्हेंबर

शुक्री दोन दिवसांसाठी आला आहे. मबरूकाने बदाम भाजले होते. लहानपणी तो सालीसकट दातांनी फोडायचा. आज हात लावला नाही. म्हणाला, मोनास्तीरला खाऊन खाऊन कंटाळा आलाय. पाणी कोमट करून पितो, तेही मान एका बाजूला कलती करून. थंड हवा आली की गाल दाबतो. शहरात राहिलं की माणसाला सवयी लागतात.

मी पेस्टचं नाव विचारलं. "ती आता मिळत नाही बाबा."

युसरच्या घरी त्याने काय सांगून ठेवलंय ते विचारलं. म्हणाला, "दक्षिणेकडचे आहोत, एवढंच." दक्षिण म्हणजे अर्धा देश झाला. पण नेमकं गाव सांगत बसायला वेळ कुठे असतो. मग त्याने मबरूकालाही सांगितलं, "उम्मी, तूसुद्धा तिकडे जरा कमी हस."

"मुलाच्या मागणीला जाऊन रडू का मग?" ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

रात्रीच्या जेवणानंतर मला म्हणाली, "तुझा मुलगा दाढांनी जेवतोय. पुढचे दात भाकरीला लावतच नाही." मबरूकाला चांगल्या गोष्टीतही खोट दिसते.

४ नोव्हेंबर

डॉक्टरने वरचा पापुद्रा काढला. अजिबात दुखलं नाही. साच्याचं माप घेतलं. तिला प्रोत्साहन मिळावं म्हणून मी फोनवर शुक्रीचा फोटो दाखवला. "हा माझा मुलगा. याचे माझ्यासारखेच होते. नुसत्या पेस्टने असे झाले."

तिने फोटो मोठा करून पाहिला. "पेस्टने, असं ते म्हणाले?"

"हो."

"दुखतात का त्यांचे?"

"छे. गाल दाबतो अधूनमधून."

तिने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "त्यांना एकदा माझ्याकडे घेऊन या, सी तिजानी. जितक्या लवकर आणाल तितकं बरं." पेस्टचं नाव काढून घ्यायचं असणार. प्रत्येक धंद्यात असंच असतं.

१२ नोव्हेंबर

चूक केली, लिहितो. साचा एक तास ठेवायचा होता. दिवस कमी उरलेत म्हणून काल पाच तास ठेवला, जेलही काठोकाठ भरलं. आज हिरड्यांच्या कडा पांढऱ्याफटक, आणि दातांत विजेसारख्या कळा. डॉक्टरला फोन केला.

"प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढलीत ना?" ती म्हणाली. "तिथे पाचपट आम्ल ओतायचात का?"

चार दिवस बंद. सुदैवाने जेल सौम्य होतं, हिरड्या भरून येतील म्हणाली.

२० नोव्हेंबर

वरचे पुढचे सहा: मधाचा रंग. पट्टे पुसट, दोनच डोळ्यांत भरतात. खालचे: आणखी वेळ लागेल. मबरूकाने मला खिडकीशी नेऊन पाहिलं. "बरे दिसतायत," ती म्हणाली. "अजून ओळखू येतोस." लग्नानंतर तिने माझ्या रूपाबद्दल काढलेले हे पहिले उद्गार.

फोटो काढून शुक्रीला पाठवला. मी स्वतःहून दात दाखवून काढलेला फोटो दुसरा कुठलाही नाही. दोन तासांनी उत्तर आलं: "छान बाबा. तरी तिकडे तोंड मिटूनच बसा."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहितो, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

२३ नोव्हेंबर, मोनास्तीर

सकाळी वडापने निघालो. मबरूकाने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि गाडीत एक अक्षर बोलली नाही. बरोबर साखर, कापड, आमच्याकडचे पिस्ते.

युसरचे वडील सी रौफ, मासेमारीच्या नावेचे मालक, आवाज असा की किनाऱ्यावरून नावेला हाक पोचावी. आई खालती नजीबा, म्हणजे नजीबामावशी. दोघांनी दारापर्यंत येऊन घेतलं. जेवायला मोठा मासा केला होता.

सी रौफने विचारलं, प्रवास कसा झाला. मी मान हलवली. तिकडे पाऊस झाला का. मी हात हलवला. मासा आवडला का. मी डोळे मिटले, म्हणजे फार आवडला. मबरूका ओढणीआडून हुंकार देत होती. शुक्री आमच्या दोघांच्या वाटचं बोलत होता, घामाने भिजला होता. मी ठरवलं होतं, मुलाने एवढंच मागितलंय, तेवढं तरी द्यायचं. तासाभरात मी सहा शब्द बोललो, सगळे ओठ जेमतेम हलवून.

हळूहळू खोलीतलं बोलणं आटलं. खालती नजीबाने नवऱ्याकडे पाहिलं. सी रौफने पेला खाली ठेवला.

"सी तिजानी, मी सरळ माणूस आहे. आमची मुलगी पसंत नसेल तर तसं सांगा आणि सुखाने जा. पण माझ्या घरात बसून, माझा मासा खाऊन, असं तोंड करून बसू नका. चाळीस वर्षं समुद्रावर काढली, इतका गप्प माणूस मी बुडालेल्यांतही पाहिला नाही."

मी शुक्रीकडे पाहिलं. बोलू का, असं डोळ्यांनी विचारलं. तो पांढराफटक पडला होता. काहीतरी करायचं म्हणून त्याने ताटातलं मकरूद उचललं आणि अख्खं तोंडात घातलं. ते खजूर भरून मधात बुडवलेलं, ताजं, चिकट. त्याने एकदा चावलं आणि थांबला. मग हात तोंडाशी नेऊन घास बाहेर काढला. घासात एक दात रुतला होता. पांढराशुभ्र, आतून पोकळ.

मी आयुष्यभर नमुने पाहिले आहेत. तो दात नव्हता, टोपण होतं. शुक्रीचा ओठ वर गेला तेव्हा त्या जागी खरा दात दिसला, म्हणजे त्यातलं जे उरलं होतं ते: सुईसारखं तासलेलं एक टोक. बदाम, कोमट पाणी, दाबलेला गाल, सगळं मला त्या एका क्षणी कळलं. मबरूकाला आधीच कळलं होतं. डॉक्टरलाही. मी तेवढा राहिलो होतो.

आता आम्ही तिघंही तोंडावर हात ठेवून बसलो होतो. तेवढ्यात युसर चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"मासा एवढा वाईट झाला होता?"

शुक्रीने हात खाली घेतला. फटीतून शीळ वाजत होती. "आम्ही गफ्साच्या पलीकडचे, खाणीकडचे. माझे दात बाबांसारखे होते. त्या स्फॅक्सच्या नकारानंतर परदेशात जाऊन चार दिवसांत पुढचे दहा दात तासून घेतले आणि वर ही टोपणं बसवली. बाबांना काही माहीत नाही. तोंड उघडू नका असं त्यांना मीच सांगितलं होतं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बोला बाबा. मीच चुकलो."

मागणीचं बोलणं मी महिनाभर पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवेना. म्हणालो, "आम्ही तुमच्या युसरला शुक्रीसाठी मागायला आलोय. मासा फार छान होता." आणि मबरूकाचं ओढणीआड धरून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. ती हसली, मग मी हसलो, सगळे दात दिसतील असे. सी रौफ आळीपाळीने आमच्याकडे पाहत होते. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी तासभर माझा जीव घेतलात?"

खालती नजीबा हळूच म्हणाली, "नाही, पण मुलं झाली तर त्यांचेही..."

"ते पाण्याने होतात, रक्ताने नाही," मी म्हटलं. "डॉक्टर सौसनने सांगितलंय. इथलं पाणी पिऊन वाढली तर इथल्यासारखेच होतील."

सी रौफने फातिहासाठी हात पसरले. युसर म्हणाली, "थांबा."

ती शुक्रीसमोर येऊन बसली. "तुझ्या गावाचं मला काही नाही. दातांचंही नाही. पण वर्षभर तू मला सांगतोयस की तुला बदाम आवडत नाहीत."

"आवडतात."

"बघ. मग मी हो म्हणायचं ते कोणाला? मी अजून तुला पाहिलेलंच नाही." तिने ताटातलं ते टोपण उचललं, पुसलं आणि कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "आधी हे दुखणं बरं करून घे. आणि परत येशील तेव्हा पुढचा निदान एक दात तरी तुझा घेऊन ये."

"माझे उरलेच नाहीत."

"ते तू बघ," ती म्हणाली.

फातिहा झाली नाही. पण निघताना सी रौफने मला मासे बांधून दिले.

६ डिसेंबर

शुक्री काल आला. गावात तो माझ्या शेजारून चालत होता, तोंडावर रुमाल न धरता. खमीसने फटीकडे पाहिलं आणि बकरीने मारलं का विचारलं.

आज त्याला डॉक्टरकडे नेलं. तिने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, हे मला आवडलं. दोन दातांच्या नसा सुजल्या आहेत, त्या आधी. टोपणांखाली हिरड्या आतून सडायला लागल्या होत्या. दहाही टोपणं टप्प्याटप्प्याने बदलावी लागतील, आणि हे आता जन्मभर पाठ न सोडणारं काम आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं. शुक्रीने मान खाली घालून ऐकलं. स्फॅक्सला आम्ही जास्त हसलो म्हणून हे झालं असं मला वाटत राहिलं. नंतर वाटलं, नाही, आम्ही हसलो ते बरोबरच होतं.

"सुरुवात पुढच्यापासून करू," डॉक्टर म्हणाली. "रंग कुठला देऊ? हाच पांढरा?"

"नको," शुक्री म्हणाला. "माझा होता तो."

"तो मला कसा कळणार? तुमचा मी पाहिलेला नाही."

शुक्रीने माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने मला दुसऱ्या खुर्चीत बसवलं. तिच्याकडे एका पट्टीवर लावलेले छोटे छोटे खोटे दात होते, फिक्यापासून गडदपर्यंत. एकेक माझ्या खालच्या, अजून पुरत्या न उजळलेल्या दातांशेजारी धरून पाहू लागली. एकही जुळेना. "खजुराचा रंग आहे मध्ये, आणि हे पट्टे," ती पुटपुटली. "हाताने रंगवावे लागतील." शुक्री उठून आला, वाकला आणि माझ्या तोंडात पाहू लागला. इतका वेळ पाहत राहिला की मला हसू आवरेना.

"तसंच ठेवा, सी तिजानी," डॉक्टर म्हणाली. "मिटू नका."